तलंग अंडी देत नाही? आधी कूलरच्या मागे बघा

आमच्या अंगणात सहा तलंगा होत्या. शब्द नवा वाटला असेल तर सांगते, वयात येऊन पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोंबडीला तलंग म्हणतात. जबलपूरच्या हिंदीच्या गर्दीत आजीनं जे शब्द जपून ठेवलेत, त्यांतला हा एक. सहापैकी पाच जणी अंडी देऊ लागल्या. सहावी, जिला माझा धाकटा भाऊ मानेच्या रंगावरून तांबी म्हणतो, ती काही अंडं देईना. तीन आठवडे गेले. बाबा म्हणाले, "दाणे सगळ्यांच्या बरोबरीनं खाते. येत्या रविवारी हिचं काय ते बघू." काय ते म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळलं. भाऊ त्या रात्री नीट जेवला नाही.

शनिवारी उकाडा वाढला म्हणून कूलर काढायला गेलो. हिवाळ्यापासून तो अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभा होता. तो पुढे ओढला, तर मागे वाळक्या गवतात चौदा अंडी. मधोमध बशीसारखा खळगा, आणि त्यात ती एकमेकांना टेकून मांडलेली.

तांबी आमच्यापेक्षा हुशार निघाली. तिनं आम्ही ठेवलेली पेटी पाहिली होती, नापसंत केली होती आणि स्वतःची जागा निवडली होती.

तुमच्याकडे दोन-चार कोंबड्या असतील, किंवा घेण्याचा विचार असेल, तर हे लक्षात ठेवा. तलंग अंडं देत नाही असं वाटतं, तेव्हा ती बऱ्याचदा ते दुसरीकडे कुठेतरी देत असते. शहरात हा गमतीचा विषय वाटेल. पण जबलपूरच्या आसपासच्या गावांत एखाद्या बाईकडे आठ-दहा कोंबड्या असतात आणि अंड्यांचे पैसे थेट तिच्या हातात येतात. तिथे झुडपात दिलेलं अंडं मुंगसाच्या पोटात जातं, नाहीतर सापाच्या. आणि "बिनकामाची" ठरलेली कोंबडी बाजारात किंवा पातेल्यात जाते. चूक मात्र बऱ्याच वेळा पेटीची असते.

ती इतकी अस्वस्थ का होते?

अंडं देण्याच्या तास-दीड तास आधी कोंबडीकडे नीट बघा. ती चरणं सोडते. कळपातून बाजूला होते, कोपऱ्यात डोकावते, परत येते, दुसऱ्या कोपऱ्यात जाते. घशातून एक लांबट, कुरकुरीचा आवाज काढते. अंडं दिल्यानंतरचा तो सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा कलकलाट वेगळा आणि हा वेगळा. मनासारखी जागा सापडत नसेल, तर ही कुरकुर वाढत जाते.

ही ओढ येते कुठून, हे एडिनबर्गमध्ये वुड-गश आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात शोधलं. कोंबडीच्या अंडाशयात प्रत्येक बलक एका पातळ पिशवीत वाढतो. पिशवी फुटते आणि बलक पुढच्या प्रवासाला निघतो. त्यावर पांढरा भाग आणि कवच चढून पूर्ण अंडं बाहेर यायला साधारण २४ ते २६ तास लागतात. मागे राहिलेली ती रिकामी पिशवी वाया गेली असं आपल्याला वाटेल, पण दुसऱ्या दिवशी घरट्याची ओढ जागी होते ती तिच्यामुळेच. ती काढून टाकली, तर कोंबडीचं जागा शोधणं बिघडतं. म्हणजे आज सकाळी जागा शोधायची, हा निरोप तिच्या शरीरात कालच निघालेला असतो. त्याला हट्ट म्हणणं बरोबर नाही.

पुढे ब्रिटनमधल्याच प्रयोगांत असं दिसलं की अंडं देण्याची वेळ जवळ आली की कोंबडी घरट्यापर्यंत पोहोचण्यासाठी जड दारसुद्धा ढकलते. वेळ जितकी जवळ, तितका जोर जास्त. युरोपीय संघात १ जानेवारी २०१२पासून जुन्या पद्धतीच्या उघड्या पिंजऱ्यांवर बंदी आली. कोंबड्या पिंजऱ्यात ठेवायच्याच असतील तर त्यात घरट्याची सोय हवी असा नियम झाला, त्यामागे हे असलेच अभ्यास होते.

आणि आपल्या कोंबडीची पूर्वज कोण? तांबडी रानकोंबडी. जबलपूरहून कान्ह्याच्या जंगलात गेलात, तर ती अजूनही भेटते. तिचं घरटं म्हणजे झुडपाखाली जमीन उकरून केलेला उथळ खळगा. वर आडोसा, खाली सुकं पान, समोर पळायला वाट. आता आमच्या कूलरची मागची बाजू आठवा. तांबीच्या नजरेनं ते अगदी उत्तम झुडूप होतं.

पहिलं अंडं यायच्या आधीची तयारी

सुधारित जातीच्या तलंगा साधारण पाच ते सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. कडकनाथ आणि गावठी कोंबड्या त्याहून थोडा जास्त वेळ घेतात. तारीख मोजण्यापेक्षा कोंबडीकडे बघणं चांगलं. तुरा आणि गलोल फिकट गुलाबीचे लालबुंद होतात. तुम्ही पाठीवर हात ठेवायला गेलात, तर ती पळायच्या ऐवजी पंख जरा फुलवून खाली बसते. आणि कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावणं सुरू होतं. हे बसणं दिसलं की पहिलं अंडं बहुतेक आठ-पंधरा दिवसांवर आलेलं असतं.

पेटी मात्र त्याच्याही आधी, दोन-तीन आठवडे आधी जागेवर हवी. आमची पहिली चूक इथेच झाली. पहिलं अंडं दिसल्यावर आम्ही उत्साहानं पेट्या करायला बसलो. तोवर तांबीचं ठरून गेलं होतं. कोंबडी पहिली काही अंडी जिथे देते, तिथेच पुढे देत राहण्याकडे तिचा कल असतो. सुरुवातीचे दोन आठवडे सांभाळले, तर पुढचं वर्षभर अंडी शोधत फिरावं लागत नाही.

खाण्याचंही याच सुमारास बदलायचं असतं. पहिलं अंडं आलं की अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य सुरू करा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. घरची अंड्याची टरफलं वाळवून बारीक कुटून दिली तरी चालतात. फार आधीपासून मात्र जास्त चुन्याचं खाद्य देऊ नका, वाढत्या तलंगीच्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो.

पेटी तिच्या नजरेनं बघा

आमच्या पेट्या म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पत्र्याचे डबे होते. आडवे करून पश्चिमेच्या भिंतीला बांधले, फाटकाजवळ, म्हणजे अंडी काढायला सोपं. आमच्यासाठी सोपं. दुपारी त्या पत्र्याला हात लागत नव्हता, आत प्रकाश लखलखत होता आणि बाबांची स्कूटर तिथेच आत-बाहेर व्हायची. बाकीच्या पाच जणी तरी तिथे का गेल्या, याचंच मला आता आश्चर्य वाटतं.

पेटी साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. कोंबडी अंगानं मोठी असेल तर दोन इंच जास्त. ती आत वळू शकली पाहिजे, पण दोघी एकदम मावायला नकोत. दोघी घुसल्या की अंडं फुटतं. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते, म्हणजे सहा जणींना दोन. (तुम्ही चार ठेवल्यात तरी सगळ्यांना एकच आवडेल आणि तिच्यासमोर रांग लागेल, ही गोष्ट वेगळी.)

पैसे खर्च करायची गरज नाही. भाजी मंडईतला प्लास्टिकचा क्रेट आडवा ठेवा, वर आणि तिन्ही बाजूंनी पोतं शिवा. जुन्या प्लायवूडची पेटी उत्तम. बांबूची खोल पाटी किंवा डालगं आडोशाला ठेवलं तरी गावठी कोंबड्या खुशीनं बसतात. समोरच्या बाजूला खाली चार इंचांची पट्टी ठोका, नाहीतर पेंढा आणि अंडं दोन्ही बाहेर येतील. वरून जुन्या साडीचा पडदा, मधोमध चिरलेला. अंधार हवा, पण कोंदट नको.

आत काय घालायचं? भाताचा सुका पेंढा सगळ्यात चांगला, कारण त्यात खळगा करता येतो. सुताराकडच्या रंध्याच्या ढलप्या चालतात. लाकडाचा पिठासारखा बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते. थर तीन-चार बोटं जाड ठेवा. तलंगीच्या पहिल्या अंड्यांचं कवच कधी कधी पातळ किंवा मऊ असतं. ते फुटलं आणि एकीनं चोच लावून चव घेतली, तर अंडी खायची सवय लागते, आणि ती सोडवणं पेटीची सवय लावण्यापेक्षा फार कठीण.

उंचीची गोष्ट अनेकांकडून सुटते. मोठ्या कोंबड्यांसाठी पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असते. तलंगीसाठी आधी जमिनीवरच ठेवा, सवय लागली की आठवड्याभरात विटा लावत वर न्या. आणि झोपायची दांडी पेटीपेक्षा उंच हवी. कोंबड्या रात्री उपलब्ध असलेल्या सगळ्यात उंच जागी झोपतात. पेटीच उंच असेल तर त्या पेटीत झोपतील, रात्रभर घाण करतील आणि सकाळी त्याच पेटीकडे पाठ फिरवतील. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी एक चक्कर मारा. कुणी पेटीत बसलेली दिसली तर उचलून दांडीवर ठेवा. चार-पाच संध्याकाळी हे काम करावं लागतं. मुलांना द्या, ती आनंदानं करतात.

खोटं अंडं, खरी सवय

जिथे अंडं दिसतं ती जागा सुरक्षित, असा कोंबडीचा साधा हिशोब असतो. म्हणून पेटीत एक खोटं अंडं ठेवतात. गोल्फचा चेंडू चालतो, लाकडी अंडं चालतं. टेबल टेनिसचा चेंडू फार हलका, तो चोचीनं उडतो. खरं अंडं खूण म्हणून ठेवू नका, उन्हाळ्यात ते नासतं आणि फुटलं तर घरभर कळतं.

आमच्याकडे भेडाघाटहून आणलेला, मऊ दगडातून कोरलेला अंड्याच्या आकाराचा पेपरवेट होता. तो आता पेटीत असतो. भावानं आधी देवघरातला नर्मदेचा गोटा सुचवला होता. आजीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला.

पुढचं काम वेळ सांभाळण्याचं. बहुतेक अंडी उजाडल्यापासून पाच-सहा तासांत येतात. म्हणून सुरुवातीचा आठवडाभर तलंगांना सकाळी खुराड्यातच ठेवा आणि अकराच्या सुमारास अंगणात सोडा. आत पाणी, दाणा, सावली हवी, दाटी नको. त्यांना बाहेरची झुडपं मिळालीच नाहीत, तर पेटी हीच सगळ्यात चांगली जागा उरते. एक ध्यानात ठेवा, अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागत असल्यानं तीच कोंबडी आज आठला, उद्या नऊला, परवा आणखी उशिरा अंडं देते आणि मग एक दिवस खाडा करते. खाडा पडला म्हणून घाबरू नका, आणि उशिराच्या दिवशी ती अंगणात कुठे गायब होते तिकडे लक्ष ठेवा.

खुराड्यातही त्या पेटीऐवजी जमिनीवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अंडं देत असतील, तर तो कोपरा विटांनी भरा किंवा तिथे उजेड येऊ द्या. खाली दिलेलं अंडं लगेच उचला, नाहीतर दुसरीला वाटेल हीच जागा ठरली. कोपऱ्यात खळगा करत बसलेली दिसली तर दोन्ही हातांनी हळूच उचलून पेटीत ठेवा आणि बाजूला व्हा. उठून बाहेर आली तर येऊ द्या. कोंडून ठेवू नका, ओरडू तर मुळीच नका. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते आणि नंतर तुम्हाला न दिसणाऱ्या जागी जाऊन देते. आमच्या भावानं तांबीला पेटीत ठेवून समोर पाट लावला होता. ती दोन दिवस त्या पेटीच्या आसपासही फिरकली नाही.

बाहेरचं लपवलेलं घरटं सापडलं, तर फक्त अंडी काढून गप्प बसू नका. तेवढ्यानं ती त्याहून अवघड जागा शोधेल. अंडी काढा, जागा बंद करा, आणि तिथलं गवत उचलून पेटीत घाला. आम्ही कूलरमागचं गवत तसंच्या तसं नव्या पेटीत घातलं होतं.

जबलपूरचं हवामान आणि जबलपूरची कोंबडी

मे महिन्यात इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याची पेटी म्हणजे भट्टी. पेटी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या सावलीत न्या, मागच्या बाजूला वरती दोन बोटांची फट ठेवा, ओलं पोतं छपरावर टाका. या दिवसांत कोंबड्या कमी खातात, अंडी कमी होतात, कवच पातळ होतं. तो दोष पेटीचा नाही. पावसाळ्यात उलट त्रास, पेंढा दमट होतो आणि त्याला बुरशी येते. दर चार दिवसांनी बदला आणि पेटीच्या फटींत उवांसारखे बारीक किडे दिसतात का ते रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बघा. ते रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. नेहमी पेटीत जाणारी कोंबडी अचानक जाईनाशी झाली, तर पहिला संशय यांच्यावर घ्या. हिवाळ्यात प्रश्न उजेडाचा. डिसेंबरात इथला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला साधारण चौदा तास किंवा जास्त उजेड चांगला, त्यामुळे थंडीत वयात आलेल्या तलंगा संक्रांत उलटेपर्यंत वाट बघायला लावू शकतात.

आमच्या सहा जणी नर्मदानिधी जातीच्या. ही जात इथल्याच नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठानं परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केली. तीन हिस्से 'जबलपूर कलर' आणि एक हिस्सा झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २००९मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते नानाजी आपल्या हिंगोलीजवळच्या कडोळीचे, म्हणून आजीला ही कोंबडी अर्धी मराठीच वाटते.

जातीचा उल्लेख उगाच केला नाही. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. गावठी कोंबडी मात्र डझनभर अंडी झाली की खुडूक होते आणि पेटी अडवून बसते, जवळ गेलं की फुगते, टोचते. मग बाकीच्या जणी जागा नाही म्हणून पुन्हा बाहेर अंडी देऊ लागतात आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. पिल्लं हवी असतील तर तिला वेगळ्या डालग्यात अंड्यांवर बसवा. नको असतील तर दोन-तीन दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणा-पाण्यासह ठेवा. पोटाखालची ऊब गेली की बहुतेकींचं खूळ उतरतं.

आणि ती सापडलेली अंडी? किती दिवसांची हे माहीत नसलेलं अंडं सरळ ऑम्लेटमध्ये फोडू नका. पाण्याच्या भांड्यात सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं राहतं, जुनं उभं राहतं, तरंगणारं फेकून द्या. कळपात कोंबडा असेल आणि दिवस उकाड्याचे असतील, तर आत पिल्लू धरायला लागलेलं असू शकतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावला की लाल शिरांचं जाळं दिसतं. रोजची स्वच्छ अंडी मात्र लगेच धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो बाहेरचे जंतू आत जाऊ देत नाही. कोरड्या फडक्यानं पुसा, धुवायचं ते वापरायच्या वेळी.

आमच्या चौदापैकी पाच तरंगली. बाकीची नीट उकडून संपवली, एकेक वेगळ्या वाटीत फोडून, वास घेऊन. रविवारी बाबांनी प्लायवूडची पेटी ठोकली, अंगणाच्या उत्तरेला, पेरूच्या झाडामागे. तांबीनं पहिले सहा दिवस तिच्यात डोकं घालून बघितलं आणि निघून गेली. सातव्या दिवशी सकाळी साडेनऊला ती आत गेली आणि चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. भाऊ शाळेच्या कपड्यांत, एक बूट हातात घेऊन, तिथेच उकिडवा बसला होता. त्या दिवशी त्याची शाळेची व्हॅन चुकली. बाबांनी न कुरकुरता त्याला स्कूटरवर सोडलं, फक्त स्कूटर फाटकापर्यंत हातानं ढकलत नेऊन मग सुरू केली.